दोन इंच माया

आमच्या व्याह्यांना सगळे मास्तर म्हणतात. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरी केवढा आनंद! पोरगी शिकल्यासवरल्या घरात पडली, सासरा मास्तर आहे. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मास्तर म्हटलं की अजूनही माझे हात आपोआप पाठीमागे जातात. पहिल्या भेटीला मी कडक इस्त्रीचे कपडे घालून गेलो आणि अदबीने विचारलं, "कोणता विषय शिकवता आपण?"

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा उजवा खांदा उतरलाय. पॅड घालावं लागेल."

शिंपी होते हो! टेलर मास्तर. हा किस्सा मी त्यांच्या तोंडावर शंभर वेळा सांगितलाय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. दर वेळी ते एकच सांगतात, "खांदा अजून उतरलेलाच आहे."

तर असे आमचे मास्तर हल्ली कपडे शिवत नाहीत. मोटरसायकली शिवतात.

बरोबर वाचलंत तुम्ही. तयार कपड्यांची दुकानं झाली, लोक पँटी फडताळातून उचलायला लागले आणि मास्तरांकडे नुसती चेन बदलायची कामं उरली. अशात एक बेकरीवाला मोटरसायकलची फाटलेली सीट शिवायला घेऊन आला. हा बेकरीवाला म्हणजे दारातून आत यायचा तर आधी खोलीतला उजेड बाहेर जायचा, एवढा देह. मास्तर म्हणाले, "गाडीवर बसून दाखवा." तो बसला. गुडघे कोपरांना लागले. मास्तरांनी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि निकाल दिला, "सीट फाटणारच. गाडी काखेत काचतेय तुम्हाला."

तिथून सुरुवात झाली. शेजारच्या लोहाराकडून मास्तर वयाच्या बावन्नाव्या वर्षी वेल्डिंग शिकले. घरामागच्या इस्त्रीच्या खोलीत लोखंड आवळून धरणारी वाइस बसवली, ग्राइंडर आणला, आणि बेकरीवाल्याची गाडी उसवली. 'उसवली' हा त्यांचाच शब्द. हँडल मागे घेतलं, पाय ठेवायच्या दांड्या पुढे नेल्या, सीट रुंद केली. बेकरीवाला गाडीवर बसला तो असा, जणू गाडीसकट जन्माला आला होता. आज सोळा वर्षं झाली. लांबून लांबून लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, आणि कुणाची गाडी 'बाहीत लांब' असते, कुणाची 'कमरेत ढगळ'.

त्या खोलीत एकदा जायला हवं तुम्ही. पाने, पकडी, हातोड्या आहेतच. पण मास्तरांच्या गळ्यात टेप तीच, कानावर खडू तोच. टाचण्यांच्या उशीत आता स्क्रू खोचलेले असतात. पत्रा कापायच्या आधी ते खाकी कागदाचं कटिंग करतात आणि ते पत्र्यावर ठेवून खडूने आखतात. पक्कं वेल्डिंग करण्याआधी लोखंडाला नुसते ठिपके मारून जोडतात, त्याला ते कच्ची शिलाई म्हणतात. मग गिऱ्हाइकाला निरोप जातो, ट्रायलला या. आणि प्रत्येक जोडाला, प्रत्येक दांडीला ते दोन इंच माया ठेवतात. शिवणाच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ना, उद्या माणूस सुटला तर उसवून मोठं करता यावं म्हणून, ती माया. लोखंडात मास्तर ती लांब भोकांच्या रूपाने ठेवतात. नट सैल करायचा, दांडी पुढेमागे सरकवायची, पुन्हा आवळायचा.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, मोटरसायकल कशाला जाड होतेय?"

"मोटरसायकल नाही होत," माझ्या पोटाकडे बघत ते म्हणाले.

त्यांचा आणखी एक नियम आहे, तो नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चाळीस वर्षं पँटी शिवताना त्यांनी प्रत्येक माणसाचे दोन्ही पाय वेगवेगळे मोजले. दुसरे शिंपी एक मोजतात आणि दोन कापतात. मास्तर म्हणायचे, "कुणाचेच दोन पाय सारखे नसतात. आई एक, बाप एक, पण पाय दोन." लोक हसायचे, पण त्यांच्या पँटीचा घोळ एका बुटावर जास्त आणि एकावर कमी कधी पडला नाही.

आता विहीणबाईंकडे येतो. म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती, माझ्या मुलीच्या सासूबाई. शांत बाई. मास्तर बोलतात आणि त्या ऐकतात, असं पाहुण्यांना वाटतं. दोनतीन दिवस राहिलं की कळतं, बोलतात मास्तर आणि होतं त्या म्हणतील ते.

विहीणबाईंची थोरली बहीण टेकडीवर राहते. तिला सगळे वरची ताई म्हणतात. चौऱ्याऐंशी वर्षांची. कान गेलेत, डोळे जायच्या वाटेवर आहेत, जीभ मात्र परवाच धार लावून आणल्यासारखी. तिच्या घराकडे जाणारी वाट दोन दगडी भिंतींमधून चढते, जेमतेम चार फूट रुंद, तीन वळणं. चारचाकी शिरत नाही. दर रविवारी मास्तर विहीणबाईंना मोटरसायकलवर मागे बसवून वर न्यायचे. मग विहीणबाई ताईच्या उजव्या कानाशी बसून आठवड्याभराची वर्तमानपत्रं वाचून दाखवायच्या, आणि ताई एकेका बातमीवर आपलं मत द्यायची. ही मतं छापली असती तर पेपरचा खप वाढला असता. सव्वीस वर्षांत त्यांचा एक रविवार चुकला नव्हता.

आणि विहीणबाई मागच्या अंगणात घसरल्या. उजवा खुबा मोडला, ऑपरेशन करून नवा बसवला. ऑपरेशन छान झालं. दोन महिन्यांत काठी घेऊन घरभर फिरायला लागल्या. पण मोटरसायकल बंद. डॉक्टरांनी सांगितलं, पाय फाकवून टांग टाकायची नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने आणखी एक सांगितलं, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. बुटक्या स्टुलावर बसलात तर मी यायची बंद होईन.

टेकडीची वाट पायी चढणं तर दूरच राहिलं. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या. ते बोलणं मी ऐकलंय. विहीणबाई म्हणायच्या, "ताई, औषध घेतलंस का?" ताई म्हणायची, "लिंबं? भरपूर लागलीत." पाच मिनिटं असं दोन वाटांनी चालायचं, मग विहीणबाई फोन ठेवायच्या आणि वर्तमानपत्रांची घडी नीट करून कपाटावर ठेवायच्या. तो ढीग वाढत वाढत घड्याळाला टेकला. एका रविवारी फोन ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "आज तिने मला हाक मारली ती आईच्या नावाने."

मास्तर उठले, इस्त्रीच्या खोलीत गेले आणि खाकी कागद पसरला.

पुढचे पाच महिने त्या खोलीत जे चाललं त्याला मी साक्षी आहे, कारण मी तेव्हा मुलीकडे मुक्कामालाच होतो. बाजूला जोडायची डबा-गाडी पहिल्याच दिवशी बाद झाली, चार फुटांच्या वाटेत ती अडकली असती. मग मास्तरांनी जुनी गाडी मधोमध कापली आणि तिला सव्वा फुटाचा जोड दिला. मागचं चाक काढून स्कूटरचं छोटं चाक लावलं आणि ते पार मागे नेलं. चालवणाऱ्याच्या पाठीमागे जी जागा मोकळी झाली, तिथे खुर्ची. डाव्या अंगाला तोंड करून, पाठ टेकायला, दोन्ही बाजूंना हात धरायला, खाली पाय ठेवायला आडवी फळी. टांग टाकायलाच नको. खुर्चीवर बसतो तसं पाठमोरं यायचं आणि टेकायचं. खुर्ची व्यायामवाल्या बाईने सांगितली त्याच उंचीची. कंबरेला पट्टा, तो मास्तरांनी मशीनवर चार चार टाके घालून शिवला.

"मास्तर, ही मोटरसायकल आहे की बागेतलं बाक?" मी विचारलं.

"तुम्ही बसा आणि सांगा."

हो, मी बसायचो. विहीणबाईंना गाडी पुरी झाल्यावरच दाखवायची होती, मग ट्रायलला कोण? मास्तरांनी मला भिंतीला उभं केलं, खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "तुमची आणि तिची उंची एकच. उभे राहा तिच्या जागी." मुलीचा बाप म्हणून मान राखतील असं वाटलं होतं मला. टाचणी टोचायचा पुतळा झालो मी. आठवड्यातून दोनदा मला त्या खुर्चीत पट्ट्याने बांधून मास्तर गल्लीतून चक्कर मारायचे. कडेला तोंड करून बसल्यामुळे मला दारादारातली माणसं समोरासमोर दिसायची, आणि त्यांना मी. बेकरीवाला दर वेळी हात जोडून म्हणायचा, "स्वारी कुठे निघाली?" माझी मुलगी म्हणाली, "बाबा, निदान हसू नका, लोकांना वाटतं तुम्हाला आवडतंय."

आवडत होतं, आता काय लपवायचं! फळी कशी, तळवा बरोबर टेकायचा. पाठ कशी, उतरलेल्या खांद्यालासुद्धा आधार. मी मास्तरांना छातीठोकपणे सांगितलं, एक सूत इकडेतिकडे नाही. ही माझी चूक, ती मी कबूल करतो.

ट्रायलचा दिवस आला. मास्तरांनी गाडी मागच्या अंगणात, विहीणबाई घसरल्या होत्या तिथेच आणून उभी केली. दोन ओढण्या जोडून वर झाकण घातलं होतं. आम्ही सगळे जमलो. विहीणबाई काठी टेकत आल्या, झाकण निघालं. त्यांनी खुर्चीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग नव्या सीटजवळ माती नको म्हणून चपला काढल्या, पाठमोऱ्या झाल्या आणि हळूच टेकल्या. गुडघा खुब्याच्या खाली. कुठे कळ नाही, काही नाही.

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सूर्य त्यांनीच उगवलाय.

आणि मला फळी दिसली. विहीणबाईंच्या उजव्या पायाची नुसती बोटं टेकली होती. डावा पाय अधांतरी.

"पाय खाली घे ना," मास्तर म्हणाले.

"घेतलाय."

"आणखी घे."

"पाय आहे, रबर नाही. एवढाच येतो." त्या खाली वाकून बघायला गेल्या, डॉक्टर आठवले, आणि सरळ झाल्या. "अहो, माझं माप कुठून घेतलंत तुम्ही?"

मास्तर ग्राइंडरकडे बघायला लागले.

"विचारतेय मी."

"वहीतून."

"कुठल्या वहीतून?"

"मापाच्या. तुझ्या पायजम्याचं पान होतं ना."

"कधीचं पान?"

इथे मास्तरांचा आवाज एवढा बारीक झाला की मला पुढे झुकावं लागलं. "मुलाच्या लग्नाआधीचं."

माझी नात आता सतरा वर्षांची आहे, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. एवढ्या वर्षांत माणूस वयाने थोडं आखडतं. आणि ऑपरेशनने त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा इंच लांब झाला होता. व्यायामवाल्या बाईने सांगितल्यावरून त्यांनी डाव्या चपलेला खालून रबराचा तुकडा चिकटवला होता, आणि तोही मास्तरांच्याच खोलीतला गोंद नेऊन. आम्ही सगळ्यांनी त्या काढलेल्या चपलांकडे पाहिलं. एक जाड, एक पातळ. सहा महिने त्या दारात पडून होत्या.

"परक्याचा खांदा तुम्हाला पहिल्या भेटीत दिसतो," विहीणबाई म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरात होते. वीस पावलांवर. टेप तुमच्या गळ्यातच होती." मग माझ्याकडे वळल्या. "आणि व्याहीबुवा, तुमच्या पायांनी मी जायचं का ताईकडे?"

मी माझ्या पायांकडे पाहिलं. त्या उतरल्या, चपला घातल्या. "तीन वळणं आहेत त्या वाटेला. लोंबकळत्या पायाने मी वर येणार नाही. आणि ताईला काय सांगू, तुमच्या वहीतली बाई आलीय म्हणून?" काठी वाजवत त्या आत गेल्या.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली. त्यांच्या गळ्यात टेप नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं. माणूस निम्मा दिसत होता.

"दोन्ही पाय," ते म्हणाले. "व्याहीबुवा, अख्ख्या जगाचे दोन्ही पाय मोजले मी."

मी म्हटलं, "पण मास्तर, माया ठेवलीय ना? फळीला?"

"दोन इंच आहे."

"मग सरकवा वर. पाच मिनिटांचं काम."

"फळी एक आहे," ते म्हणाले. "मधे कापावी लागेल. डावी वेगळी, उजवी वेगळी. किती सरकवू, ते मला कुठे माहितेय?"

"मला बसवून—" म्हणालो आणि जीभ चावली.

मास्तर उठले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, आत गेले नाहीत. मी मागे होतो, चहाचा कप ठेवायच्या निमित्ताने.

"अगं, माप देतेस का?"

आतून भांड्याचा आवाज आला. मग विहीणबाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला आधी बसायला खुर्ची देतात."

मास्तरांनी धावत जाऊन खुर्ची आणली. उंच, नियमातली. त्या बसल्या. मास्तर गुडघ्यांवर टेकले, त्यांचे गुडघे असे वाजले की कोण जास्त म्हातारं हा प्रश्न तिथेच निकालात निघाला. टेप लावली. "डावा. खुर्चीच्या कडेपासून टाचेपर्यंत... साडेचौदा."

"मोठ्याने बोला. व्याहीबुवांना लिहू द्या. पाच महिने नुसते बसून होते."

"उजवा. पंधरा." मास्तर थांबले. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं. "पंधराच." मग टेप तशीच धरून म्हणाले, "चालताना दुखतं का गं?"

"पायऱ्या उतरताना. तेही आजच विचारताय."

मी नव्या पानावर दोन आकडे लिहिले. शाळेत माझं अक्षर कधी चांगलं नव्हतं, पण त्या दिवशी मी कोरून लिहिलं. जुनं पायजम्याचं पान मास्तर फाडायला निघाले, तर विहीणबाईंनी हात धरला. "राहू दे ते. तेव्हा मी बारीक होते, त्याचा काही पुरावा नको?"

फळी कापली, डावी जरा जास्त वर, उजवी जरा कमी. विहीणबाईंनी चपला काढून पाहिलं, चपला घालून पाहिलं, पुन्हा सरकवायला लावली. एकदा तर मला वाटतं काही गरज नसताना सरकवायला लावली. मास्तरांनी मुकाट्याने नट सैल केला, आवळला. मग बदललेल्या गाड्या तपासून परवाना देतात त्या कचेरीत गाडी नेली. तिथल्या साहेबांनी सगळं मोजलं, वाकून पाहिलं, सावकाश चालवायची अट घातली, शिक्का मारला आणि हळूच विचारलं, "माझ्या आईला बसता येईल का हो यावर?"

त्या रविवारी मी सकाळीच पायी वर निघालो, कारण गाडीवर आता माझी जागा गेली होती. टेकडी चढताना चार वेळा थांबलो. ताई अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसली होती. मी कोण ते ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "लिंबं विकायची नाहीत मला." मी बाजूच्या दगडावर टेकलो.

खालून आवाज आला. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर गाडी एवढी सावकाश आली की वाटेतली कोंबडी तिच्या पुढे चालत होती. विहीणबाई भिंतीकडे तोंड करून ताठ बसलेल्या, दोन्ही तळवे फळ्यांवर टेकलेले, मांडीवर वर्तमानपत्रांचा दोरीने बांधलेला गठ्ठा. मास्तर पुढे घामाघूम.

विहीणबाई उतरल्या, काठी टेकत आल्या आणि ताईच्या उजव्या कानाशी बसल्या. "ताई, मी."

ताईने त्यांचा चेहरा चाचपला. मग खसकन हात ओढून घेतला. "आठ महिने! कुठे उलथली होतीस?" आणि या वेळी बहिणीचं स्वतःचं नाव घेतलं, दोनदा घेतलं.

सगळं ओरडून सांगून झाल्यावर ताई उठली. गाडीपाशी गेली, खुर्ची चाचपली, पट्टा ओढून पाहिला, फळ्यांवर हात फिरवला. "ही एक वर, एक खाली का? शिंप्याचा हात वाकडा झाला की काय?"

"पाय वाकडे आहेत माझे!" विहीणबाई कानात ओरडल्या. "त्यांच्या मापाने केलंय!"

"असं होय!" ताई म्हणाली. सहा वर्षांत ती टेकडीवरून खाली उतरली नव्हती. खाली गेले तर परत वर कोण आणणार, हे तिचं ठरलेलं उत्तर. आता ती पाठमोरी झाली, खुर्चीचा दांडा हातात धरला आणि टेकली. दोन्ही पाय लोंबकळायला लागले, ती विहीणबाईंहून पुष्कळ बुटकी.

"मला हिचं घर बघायचंय," ताई म्हणाली. "पडली ते अंगण बघायचंय. काय करायचं ते कर, शिंप्या, पण मला खाली ने. माया ठेवलीस का?"

"ठेवलीय, ताई!" मास्तर केवढ्याने ओरडले! खिशातून पाना काढला आणि फळीच्या नटाला लावला.

विहीणबाई पेपरची दोरी सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी टेप."

मास्तरांनी पाना खिशात ठेवला, गुडघे वाजवत खाली बसले आणि ताईच्या डाव्या टाचेला टेप लावली. मी वही उघडली.